सिनेमा तोच, मग जास्तीचे पैसे कशाचे? डीव्हीडीच्या ‘बोनस फीचर’चं गणित



मागच्या व्हिडिओत मी म्हणाले होते, की भाव पाडून गिऱ्हाईक दारात येतं, पण नुसत्या पाडलेल्या भावावर ते राहत नाही. त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. “मॅडम, बोलायला सोपं आहे. समोरचा ८० ला देतोय, मी १२० ला कशी विकू? माल तर तोच आहे ना?”

प्रश्न रास्त आहे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत त्याचं उत्तर बसलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. उदाहरण मात्र मसाल्याचं किंवा कुर्त्यांचं घेणार नाही, सिनेमाच्या डिस्कचं घेणार आहे. व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे. हसू नका! “माल तोच आहे” हे वाक्य या धंद्याला जितकं लागू पडतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या धंद्याला पडत असेल. सिनेमा लोकांनी थिएटरात पाहिलेला असतो. पुढे तो टीव्हीवर फुकट लागतो. चौकात त्याची चोरटी कॉपी मिळते. आणि तरीसुद्धा जगभर लोकांनी तोच सिनेमा पैसे देऊन विकत घेतला, काहींनी तर दोन-दोन, तीन-तीन वेळा घेतला. त्यांना नेमकं काय विकलं गेलं, ते बघू या.

हे उदाहरण घेण्याचं दुसरं कारण घरचं आहे. माझ्या बाबांची कराडला सीडी लायब्ररी होती.

दहा रुपये रोज

लायब्ररी म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. भिंतीला प्लायवूडचे कप्पे, त्यात प्लॅस्टिकच्या पाकिटांत व्हीसीडी. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटांचं चित्रण मावतं, म्हणून हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन डिस्कवर यायचा. दुसरी डिस्क परत आणताना लोक हमखास घरी विसरायचे. भाडं रोजचं दहा रुपये, डिपॉझिट वेगळं. चरे पडलेली सीडी अडकायला लागली की बाबा तिला टूथपेस्ट लावून सुती कापडानं पुसायचे. कधी चालायची, कधी नाही.

हिशोब सोपा होता. एक नवा सिनेमा बाबांना १२० रुपयांना पडला, तर तो बारा वेळा भाड्यानं गेल्यावर पैसे वसूल, त्यापुढचं सगळं कमाई. चांगला सिनेमा चाळीस-पन्नास वेळा जायचा. २००७ साली मी बीबीएच्या पहिल्या वर्षाला होते आणि पुस्तकातला ‘ब्रेक-इव्हन पॉइंट’ मला आमच्या गल्ल्यावर आधीच समजलेला होता.

त्याच सुमारास बाजार फिरला. कंपनीच्या अस्सल व्हीसीडी तीसेक रुपयांत विकत मिळू लागल्या. तीन दिवसांच्या भाड्यात सिनेमा कायमचा घरी! रस्त्यावर चोरटा माल तर होताच. दोन वर्षांत मोबाईलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. बाबांनी भाडं सातवर आणलं, मग पाचवर. मी वहीत मांडून दाखवलं, की पाच रुपयांत गाळ्याचं भाडं आणि लाईटबिलसुद्धा निघत नाही. ते म्हणाले, “गिऱ्हाईक तुटलं तर मग काय करू?” गिऱ्हाईक तुटायचं थांबलं नाही. २०१० च्या दिवाळीनंतर आम्ही गाळा सोडला. काही हजार डिस्क पोत्यांत भरून माळ्यावर गेल्या.

त्यात कुणा एकाची चूक होती असं मला वाटत नाही. पण बाबा जे विकत होते त्यातली एक गोष्ट बाजारात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, आणि तिचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. त्यावर शेवटी येते.

एक रिकामा आवाजाचा पट्टा

आता अमेरिकेत जाऊ, १९८४ मध्ये. तेव्हा तिकडे लेझरडिस्क नावाचा प्रकार होता. जेवणाच्या ताटाएवढी, ३० सेंटीमीटर व्यासाची चकती. महाग आणि जड. एका बाजूला फार तर तासभर चित्रण, म्हणजे मधेच उठून चकती उलटी करायची. घरोघरी व्हिडिओ कॅसेट पोचलेली असताना ही चकती कोण घेणार? सिनेमाचे वेडे आणि कॉलेजं, बस्स.

रॉबर्ट आणि अलीन स्टाइन यांनी सहकाऱ्यांसोबत ‘क्रायटेरियन कलेक्शन’ सुरू केलं ते याच मूठभर लोकांसाठी. पहिले दोन सिनेमे ‘सिटिझन केन’ (१९४१) आणि ‘किंग काँग’ (१९३३). दोन्ही जुने, दोन्ही टीव्हीवर कितीदा तरी दाखवून झालेले. या सिनेमांना नवं गिऱ्हाईक आणायचं कुठून?

लेझरडिस्कवर आवाजाचे एकापेक्षा जास्त पट्टे होते आणि त्यातला एक मोकळा होता. ‘किंग काँग’च्या कामावर लॉस एंजलिसच्या कला संग्रहालयातले सिनेमाचे जाणकार रोनाल्ड हेव्हर होते. काम चालू असताना ते सिनेमाच्या गोष्टी सांगत राहायचे. हा शॉट कसा घेतला, ते माकड कसं हलवलं, पैसे कुठे संपले. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हेच बोलणं त्या मोकळ्या पट्ट्यावर टाकलं तर? सिनेमा चालू आणि शेजारी बसून जाणकार माणूस बोलतोय. डिसेंबर १९८४ मध्ये ती डिस्क आली. आज आपण ज्याला ‘ऑडिओ कॉमेंटरी’ म्हणतो ती इथून सुरू झाली.

इथे जरा थांबा आणि खर्च मोजा. नवी चकती नाही, नवं चित्रण नाही. जागा आधीच रिकामी होती, माणूस आधीच कामावर होता, माहिती त्याच्या डोक्यात होती. वाढीव खर्च म्हणजे एक मायक्रोफोन आणि काही तासांचं रेकॉर्डिंग. बीबीएच्या भाषेत मार्जिनल कॉस्ट जवळपास शून्य. पण ज्याला ‘किंग काँग’ आवडतो त्याच्या दृष्टीनं ही वस्तू टीव्हीवर लागणाऱ्या ‘किंग काँग’पेक्षा पूर्ण वेगळी झाली.

तुमच्या धंद्यात असा रिकामा पट्टा कुठला? पाकिटाची मागची बाजू? डिलिव्हरीच्या वेळचे दोन मिनिटं? कुर्ती शिवताना उरलेलं कापड? हा प्रश्न मी वर्गात विचारते तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. अर्ध्या तासानं हात वर यायला लागतात.

कॅसेट भाड्यानं, डीव्हीडी विकत

पुढचा टप्पा थोडक्यात. डीव्हीडी १९९६ च्या शेवटी जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली. कॅसेटच्या जमान्यात अमेरिकेतले लोक सिनेमा मुख्यतः भाड्यानं आणायचे. नव्या कॅसेटची किंमत बऱ्याचदा भाड्याच्या दुकानांना परवडेल अशी, म्हणजे खूप जास्त ठेवलेली असायची. डीव्हीडीची किंमत मात्र सामान्य माणसानं विकत घ्यावी अशी ठेवली गेली. पण एकदा बघायचा सिनेमा कुणी विकत का घेईल? त्याला घरी ठेवावंसं वाटलं पाहिजे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावावंसं वाटलं पाहिजे. बोनस फीचरचं खरं काम हे होतं. भाड्यानं नेणाऱ्याला विकत घेणारा बनवणं.

एका साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी जागा, दोन थरांच्या डिस्कवर ८.५ जीबी. सिनेमा बसवून जागा उरायची. त्यात मेकिंग, वगळलेली दृश्यं, मुलाखती, ट्रेलर. सिनेमाच्या शूटिंगवर प्रसिद्धीसाठी चित्रण होतच असायचं, ते नाहीतर कपाटात पडून राहिलं असतं. १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’च्या डीव्हीडीत तर एक सोय होती. सिनेमा चालू असताना मधेच पडद्यावर पांढरा ससा दिसायचा. तेव्हा रिमोटचं बटण दाबलं की तो प्रसंग कसा चित्रित केला ते उलगडायचं आणि मग सिनेमा पुढे चालू. पोरांनी तो सिनेमा नुसता ससा शोधण्यासाठी पुन्हा लावला असेल.

दोनदा विकूनही शिव्या न खाल्लेलं उदाहरण

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. हे नीट वाचा, कारण यात एक धोका आहे आणि तो टाळायचा कसा तेही आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग डिसेंबर २००१ मध्ये थिएटरात आला. लांबी १७८ मिनिटं. त्याची दोन डिस्कची डीव्हीडी ऑगस्ट २००२ मध्ये निघाली. आणि नोव्हेंबर २००२ मध्ये, तीनच महिन्यांत, दुसरी आवृत्ती. ही चार डिस्कची. सिनेमा आता २०८ मिनिटांचा. म्हणजे अर्धा तास नवीन दृश्यं, त्यांच्यासाठी नवं संगीतसुद्धा. दोन डिस्कवर सिनेमा आणि दोन डिस्क फक्त मेकिंगच्या. वर चार वेगवेगळ्या कॉमेंटरी: दिग्दर्शक-लेखकांची वेगळी, डिझाइनवाल्यांची वेगळी, निर्मितीतल्या मंडळींची वेगळी, नटांची वेगळी. बाहेरचं खोकं जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकासारखं. याशिवाय एक भेटसंच, त्यात पुस्तकं उभी ठेवायला सिनेमातल्या दोन राजांच्या मूर्ती.

सरळ विचार केला तर ही फसवणूक वाटते. ऑगस्टमध्ये एक विकायची, लोकांनी घेतल्यावर नोव्हेंबरात “आता खरी आली” म्हणायचं. या प्रकाराला तिकडे नाव आहे, ‘डबल डिप’. अनेक कंपन्यांनी तो केला आणि गिऱ्हाइकांनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग इथे लोक का चिडले नाहीत?

कारण लपवलं काही नव्हतं. मोठी आवृत्ती नोव्हेंबरात येणार हे आधीच जाहीर होतं. ऑगस्टच्या डिस्कमध्येच तिची झलक टाकली होती. म्हणजे पहिली विकतानाच सांगितलं, की बाबा रे, थांबायचं असेल तर थांब. आणि दुसरी गोष्ट, दोन्हींमधलं बोनस वेगवेगळं होतं. ज्यानं दोन्ही घेतल्या त्याला तीच गोष्ट दोनदा मिळाली नाही.

आता गिऱ्हाईक कसं वाटलं गेलं बघा. ज्याला मुलांना सिनेमा दाखवायचाय तो दोन डिस्कची घेतो. ज्याला त्या जगात बुडून जायचंय तो चार डिस्कची. ज्याला शोकेसमध्ये मांडायचंय तो मूर्तीवाली. तिघांनाही आपण बरोबर घेतलं असं वाटतं. पुस्तकात याला ‘व्हर्जनिंग’ म्हणतात. आपल्याकडे साडीच्या दुकानातला मुरलेला सेल्समन हेच करतो, फक्त त्याला नाव माहीत नसतं.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एक ताई दिवाळीचा फराळ करतात. त्यांनी हे ऐकून लगेच तीन प्रकारचे बॉक्स काढले: साधा, स्पेशल, रॉयल. विकले गेले नाहीत. मी बॉक्स मागवून बघितले. स्पेशलमध्ये साध्यापेक्षा चार चकल्या जास्त आणि सोनेरी रिबन. बस्स. मी म्हटलं, ताई, हा डबल डिप झाला. पुढच्या वर्षी त्यांनी साधा बॉक्स तसाच ठेवला आणि दुसरा बॉक्स परगावी राहणाऱ्या मुलांसाठी केला: कुरिअरमध्ये न मोडणारे प्रकार, प्रत्येक पदार्थ वेगळ्या हवाबंद पाकिटात, वर तारीख आणि “आधी हे संपवा, हे नंतर” असं क्रमानं लिहिलेलं. खर्च वाढला पॅकिंगचा, तोही थोडा. भाव सव्वापट. पुण्याहून आणि बेंगळुरूहून ऑर्डरी आल्या. कारण इथे गिऱ्हाईकच वेगळं आहे आणि त्याची अडचणही वेगळी आहे.

बोनस नडतो तेव्हा

सगळंच बोनस चांगलं असतं असं नाही. डिस्कवरची जागा ठरलेली. जास्त सामान कोंबलं तर चित्र आणि आवाज जास्त दाबून बसवावे लागतात, आणि मूळ सिनेमाचाच दर्जा घसरतो. आपल्याकडे एका डीव्हीडीत तीन-तीन सिनेमे मिळायचे ते आठवतात? चेहरे धुरकट, हलत्या दृश्यात चौकोन चौकोन. स्वस्त वाटायचं, पण बघवायचं नाही.

सोनीच्या कोलंबिया ट्रायस्टारनं २००१ मध्ये याच्या उलट केलं. ‘सुपरबिट’ नावाची मालिका काढली. बोनस जवळपास सगळं काढून टाकलं आणि सगळी जागा चित्र-आवाजाला दिली. ज्यांच्या घरी मोठा टीव्ही आणि चांगले स्पीकर, त्यांना ती आवडली. म्हणजे काढून टाकणं हीसुद्धा विकण्याची गोष्ट होऊ शकते, गिऱ्हाईक कोण ते माहीत असेल तर. पुढे गंमत अशी झाली, की लोकांना बोनसही हवंच होतं, मग ‘सुपरबिट डीलक्स’मध्ये बोनसची वेगळी डिस्क जोडली. २००७ पर्यंत मालिका बंद.

आणि ‘मेमेंटो’ची २००२ ची खास आवृत्ती. मेनू मानसोपचाराच्या प्रश्नपत्रिकेसारखा. सिनेमा सुरू करायलाच कोडं सोडवायचं. चाहते खूष, कारण सिनेमाच डोक्याला शॉट लावणारा आहे. पण कल्पना करा, रात्री जेवून बसलेल्या माणसाला नुसता सिनेमा बघायचाय आणि टीव्ही त्याची परीक्षा घेतोय.

ही चूक मीही केलीय. आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर मी क्यूआर कोड छापला होता. स्कॅन केला की बारा मिनिटांचा व्हिडिओ, मिरची कुठली, कशी भाजतो, डंखातून कशी कुटून आणतो. मेहनतीनं केला होता. चार महिन्यांत बघणारे किती? एकोणतीस. त्यात आमच्या घरचे सहा. मसाला हातात घेतलेली बाई गॅसजवळ उभी असते, तिला बारा मिनिटं नसतात. मग मी व्हिडिओ काढला आणि पाकिटात पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची चिठ्ठी टाकली: “पावशेर मटकीला दीड चमचा. मटणाला हा आणि वर खोबरं-तीळ वाटून. वांग्याला थोडा कमी, नाहीतर कडवट लागतं.” छपाई चाळीस पैसे. दुकानात येणाऱ्या काकू आता मसाला संपला की चिठ्ठीसुद्धा मागतात, हरवली म्हणून.

३४ रुपयांची डीव्हीडी आणि तीन डिस्कचा ‘लगान’

भारतात याची दोन टोकं एकाच सुमारास दिसली.

एक टोक मोझर बेअर. ही कंपनी १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झाली तेव्हा कामाच्या वेळेची नोंद करणारी यंत्रं बनवत होती. तिथून फ्लॉपी, मग कोऱ्या सीडी आणि डीव्हीडी, आणि त्यात ती जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. आपला कारखाना आहे, डिस्क आपण स्वस्तात बनवतो, मग वर सिनेमा घालून का विकू नये? २००७ च्या आसपास त्यांनी व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. चोरट्या मालाशी त्याच्याच भावात टक्कर! धाडस म्हणून मला ही चाल आजही आवडते. चोरटी कॉपी घेणाऱ्याला पहिल्यांदा वाटलं, की अस्सलच घेऊ. पण एवढ्या भावात बोनसला वाव नव्हता, आणि बराचसा व्यवसाय प्रचंड खपावर उभा होता. खप कमी झाला की सगळंच अवघड. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून लिक्विडेशनला गेली. ३४ रुपयांमुळे बुडाली असं मी मुळीच म्हणणार नाही. सोलरमधली मोठी गुंतवणूक होती, कर्ज होतं आणि डिस्कचं युगच संपत होतं. पण ज्याची ताकद फक्त भाव आहे त्याला बाजार वळल्यावर धरायला दुसरं काही राहत नाही, एवढं मला त्यातून दिसतं.

दुसरं टोक ‘लगान’. सिनेमा २००१ चा, आशुतोष गोवारीकरांचा. भुजजवळ महिनोन्‌महिने चाललेल्या त्या शूटिंगवर सत्यजित भटकळ यांनी ‘चले चलो’ हा माहितीपट केला. २००७ मध्ये ‘लगान’चा तीन डिस्कचा संच निघाला त्यात हा माहितीपट होता. सहा वर्षं जुना, प्रत्येक चॅनलवर लागून गेलेला सिनेमा! तरी तो संच घेणारे होते, कारण शेकडो माणसं एका दुष्काळी माळावर नेऊन सिनेमा कसा पुरा केला, ते सिनेमात दिसत नाही. मॅनेजमेंट शिकणाऱ्यांनी ‘चले चलो’ जरूर बघावा, मला बीबीएच्या निम्म्या लेक्चरांपेक्षा जास्त कळलं त्यातून.

मग आज डिस्क कोण घेतं?

कमी लोक घेतात, खूपच कमी. नेटफ्लिक्सचा धंदा १९९८ मध्ये टपालानं डीव्हीडी भाड्यानं देण्यापासून सुरू झाला होता. ती सेवा त्यांनी २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. अमेरिकेतल्या ‘बेस्ट बाय’नंही डिस्क ठेवणं सोडलं. आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘ओपनहायमर’ची ४के डिस्क आली, तीन तासांहून जास्त बोनस घेऊन, आणि पहिल्याच आठवड्यात अनेक दुकानांत संपली. कंपनीला सांगावं लागलं, की आणखी माल येतोय.

मोठा बाजार गेला, छोटा आणि घट्ट बाजार राहिला. ब्रिटनमधली ‘अ‍ॅरो’, अमेरिकेतली ‘व्हिनेगर सिंड्रोम’ अशा लहान कंपन्या विसरलेले सिनेमे शोधून, साफ करून, पुस्तिका आणि नवं मुखपृष्ठ देऊन विकतात. बऱ्याचदा ठरावीक प्रती, आगाऊ नोंदणी. नोंदणी घेतली की किती छापायचं ते कळतं, माल अंगावर पडत नाही. घरगुती उद्योगवाल्यांनो, हे तर आपण उद्यापासून करू शकतो.

१९८४ ची ती क्रायटेरियन अजून उभी आहे. त्यांची एक साधी युक्ती सांगते. प्रत्येक सिनेमाच्या डिस्कच्या कण्यावर एक क्रमांक. ‘ग्रँड इल्युजन’ एक नंबर, ‘सेव्हन समुराई’ दोन. २०१९ मध्ये हजारावा क्रमांक गॉडझिलाच्या पंधरा जुन्या सिनेमांच्या संचाला दिला. कपाटात ४१२ आणि ४१४ असेल तर माणसाला ४१३ हवासा वाटतोच. क्रमांक छापायला खर्च शून्य. आणि सवलत? बार्न्स अँड नोबल या दुकानसाखळीत त्यांचा माल वर्षातून दोनदा, जुलैत आणि नोव्हेंबरात, निम्म्या किमतीत मिळतो. लोक त्या तारखांची वाट बघतात. बारा महिने ‘सेल’चा बोर्ड लावून बसलेल्या आपल्या दुकानदारांनी याचा जरूर विचार करावा.

पण क्रायटेरियनचं मला सगळ्यात भिडलेलं काम सत्यजित राय यांच्या ‘अपू’च्या तीन सिनेमांचं आहे. त्यांच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबमध्ये होत्या, तिथे १९९३ मध्ये आग लागली. जळलेले, वितळलेले, चिकटलेले तुकडे अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहात नेऊन ठेवले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या प्रयोगशाळेत कारागिरांनी त्या ठिसूळ फिती ओलावा देऊन मऊ केल्या आणि हातानं एकेक भोक, एकेक जोड दुरुस्त केला. या हातकामालाच हजारेक तास लागले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग त्या जळक्या निगेटिव्हमधूनच परत मिळाला, बाकीचा जगभरातल्या चांगल्या प्रतींवरून जोडला. २०१५ मध्ये तीन ब्लू-रेचा संच आला आणि या दुरुस्तीची कहाणीही त्यातच आहे. ती बघितल्यावर किंमत महाग वाटत नाही. कारागिरी दाखवली नसती तर तो साठ वर्षांपूर्वीचा एक काळा-पांढरा सिनेमाच राहिला असता.

तुम्ही पापड पहाटे चारला उठून लाटता हे तुमच्या गिऱ्हाइकाला माहीत आहे का? की त्याला फक्त किलोचा भाव माहीत आहे?

बाबांची वही

आता वर अर्धवट सोडलेली गोष्ट. बाबांकडे एक लांब, लाल कापडी बांधणीची वही होती. डावीकडे सिनेमाचं नाव, मग कुणी नेला, कधी आणला. आणि उजवीकडच्या रिकाम्या कडेला बाबांच्या अक्षरात शेरे. “पहिली २० मिनिटं सोडा, मग छान.” “आजी-आजोबांना चालेल.” “शेवट वाईट, सणाच्या दिवशी देऊ नये.” “जोशीकाकूंना दिला, रडल्या, पुन्हा मागितला.” लोक सिनेमा मागायला यायचेच नाहीत. यायचे आणि म्हणायचे, “काका, आज काय बघू?” बाबा माणूस बघायचे, वही बघायचे आणि सिनेमा काढून द्यायचे. चोरटा माल विकणाऱ्याकडे ही वही नव्हती. मेमरी कार्डवाल्याकडे नव्हती. आम्ही भाडं दहाचं पाच केलं, पण ती उजवीकडची कड विकता येते हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना बीबीए करणाऱ्या माझ्या.

दुकान सुरू केल्यावर मी ती वही माळ्यावरून काढली. आता आमच्या काउंटरवर तशीच एक वही आहे. कोण कुठला मसाला नेतं, घरात तिखट किती चालतं, कुणाच्या सासऱ्यांना बीपी आहे म्हणून कमी मिठाचा हवा. बाबा संध्याकाळी दोन तास दुकानात बसतात आणि शेरे तेच लिहितात.

पुढच्या व्हिडिओसाठी तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. तुमच्या गेल्या दहा गिऱ्हाइकांनी भाव सोडून तुम्हाला काय काय विचारलं, ते दहा ओळींत लिहून पाठवा. नाव नको, फक्त प्रश्न. त्यातले पाच घेऊन आपण कॅमेऱ्यासमोर बसू, आणि जमलं तर त्या दिवशी बाबांनाही बसवते.